ओलं पोट

नीटचा निकाल दुसऱ्यांदा लागला
त्या दुपारी मी घरी गेले नाही.
घणसोलीत क्लासच्या मागे सिडकोचा रिकामा प्लॉट,
पत्र्याचं कुंपण एका जागी वाकवलेलं, आत खडी,
आणि बोर्ड : अतिक्रमण करणाऱ्यावर कारवाई होईल.
बोर्डाच्या सावलीपासून हातभर लांब
टिटवीची चार अंडी.

अंडी मला दिसलीच नव्हती.
दिसला तो अंगावर येणारा एक पक्षी,
काटकुळे पिवळे पाय, डोळ्यापुढे लाल लोळी,
मला पुन्हा पुन्हा विचारणारा
ते एकच, जे घरी गेल्यावर सगळे विचारणार होते.

आमच्या गोठिवलीत टिटवी ओरडली की कुणीतरी जातं.
आत्या दुखण्यात होती तेव्हा
काकाने गच्चीवर फटाके लावून तिला हुसकली होती.
टिटवी गेली.
चार दिवसांनी आत्याही.

"अंडा है उधर, पैर संभाल के,"
वॉचमन तिलकधारी खुर्चीतूनच म्हणाला.
जेसीबीवाल्याला कळावं म्हणून त्याने
भोवती चार विटा मांडल्या होत्या.
मी कुंपणाशी सरकले, सॅक डोक्यावर धरून बसले.
खडी तव्यासारखी.
ती उठली, टँकर गळतो तिथल्या डबक्यात गेली,
पोट टेकवलं, घोळवलं, पुन्हा टेकवलं,
आणि थेंब गाळत, वाकडी वाट करून
अंड्यांवर येऊन बसली.

मी घड्याळ पाहिलं. का, ते अजून सांगता येत नाही.
बारा मिनिटांनी पुन्हा. मग नऊ. मग चौदा.
केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानावर
आयुष्यातले पहिले आकडे
जे कुणी मला पाठ करायला दिले नव्हते.

पुढचं फार लवकर सांगून होतं :
वाशीला बीएस्सी, कलिन्याला एमएस्सी,
एका वर्षी शिकवण्या, एका वर्षी काहीच नाही.
इनामदार मॅडम म्हणाल्या, फ्लेमिंगो घे, फ्लेमिंगोला पैसे मिळतात.
मी टिटवी म्हटलं.
त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला
आणि मला उन्हाची टोपी दिली.

आता घरट्यात शेंगदाण्याएवढा सेन्सर ठेवते,
दर मिनिटाला एक तापमान.
पायांत रंगीत कडी घातल्यावर कळलं की
भर दुपारी भिजून येणारा बऱ्याचदा नर असतो.
म्हणजे त्या दिवशीची 'ती'
'तो'ही असू शकेल.
वहीत मात्र खोडलं नाही मी.

तक्त्यात शेवटचा रकाना : घरटं का गेलं.
कुत्रा. कावळा. रोड रोलर.
रोलर. क्रिकेट. रोलर.
तिलकधारीच्या विटा कुठे लिहायच्या, मला ठरवता आलं नाही,
ते निरीक्षण नव्हे, हस्तक्षेप.
मॅडम म्हणाल्या, तळटीप दे.
दिली.

टिटवीदेखील समुद्र आटवते, म्हणतात आमच्यात.
गोठिवलीच्या पुढे बाबांचं मिठागर होतं,
त्याच्याही पुढे खाडी.
जिथे उभी राहून मी हे मोजते तिथे
भरतीला गुडघाभर पाणी यायचं.
आटवलं ते डंपरांनी.
तिच्या वाट्याला टँकरची गळती,
तीही पोटाला मावेल तेवढीच.

काल पहाटे आईचा फोन.
"तुजी ती वरडली. चार सत्तावनला.
कॅलेंडरवर लिवलंय, दुधाच्या खाली."
मी म्हटलं, एकदा की दोनदा?
"तीनदा. मंग टाकीवर गेली."
मी लिहून घेतलं.
जरा वेळ दोघींपैकी कुणीच बोललं नाही.
मग ती म्हणाली,
"सगली बरी हान इथं."